भाच्यासाठी इलेक्ट्रिशियनची हत्यारं घ्यायची आहेत, पाच हजारांत काय काय बसवू?

मंदार_चिंचवड
नमस्कार मंडळी,
माझा भाचा आयटीआयला वीजतंत्रीची दोन वर्षं पूर्ण करून बाहेर पडलाय. पुढच्या महिन्यापासून एका कंत्राटदाराकडे लागणार. कामं बहुतेक सोसायट्यांच्या नव्या वायरिंगची, थोडीफार दुरुस्तीची. ताईने बजावून सांगितलंय, त्याला मोबाइल-बिबाइल काही देऊ नकोस, हत्यारं घेऊन दे. मामाचं बजेट पाच हजार.

मी स्वतः आयटीतला. घरात एक टेस्टर आणि एक गंजकी पक्कड, एवढाच माझा संसार. ऑनलाइन पाहिलं तर साडेतीन हजारांत ११० नगांचा 'प्रोफेशनल किट' मिळतोय. कडक प्लॅस्टिकची पेटी, प्रत्येक वस्तूला आपापली खाच, दिसायला झकास. तो घ्यावा की सुटं सुटं घ्यावं? सुटं घ्यायचं तर आधी काय? भाच्याला विचारलं की तो म्हणतो, "मामा, तुम्हाला योग्य वाटेल ते." म्हणजे आणखी पंचाईत.

सातपूरकर
पेटी घेऊ नका. त्या ११० मधले निम्म्याहून जास्त नग बिट आणि सॉकेट असतात, आणि सॉकेट गॅरेजवाल्याच्या कामाचे. वायरमनला रोज लागतात ती हत्यारं दहा-बारा, आणि नेमकी तीच त्या पेटीत कमअस्सल निघतात. शिवाय ती पेटी घेऊन चौथ्या मजल्यावर चढायचं, शिडीवर उभं राहायचं आणि खाचेतून पक्कड उपसायची. आठवड्यात पेटी घरी राहते आणि पोरगा सिमेंटच्या गोणीची पिशवी शिवून त्यात चार वस्तू घेऊन जायला लागतो.

पहिली वस्तू आठ इंची पक्कड. तपारियाची डोळे झाकून घ्या. त्यांचा कारखाना आमच्या सातपूरला आहे म्हणून सांगत नाही (बरं, थोडं म्हणूनही सांगतो), पण मी कामाला लागलो तेव्हा घेतलेली पक्कड वीस वर्षांनी अजून पिशवीत आहे. कुठलीही कंपनी घ्या, दुकानात तीन गोष्टी बघून घ्या. पक्कड मिटवून उजेडाकडे धरायची. तार तोडायच्या धारेतून उजेडाची रेघ दिसली तर परत ठेवायची. मग मल्टिस्ट्रँड वायरचा एकच तंतू धारेत धरून दाबायचा. तो तुटला पाहिजे, चेपून वाकता कामा नये. शेवटी एक मूठ घट्ट धरून दुसरी आडवी हलवून बघायची, सांध्यात खेळ नको. दुकानदार कंटाळतो. कंटाळू द्या.

सोबत सहा इंची साइड कटर आणि नोज प्लायर. स्क्रूड्रायव्हरवर मला जास्त लिहायचंय, रात्री निवांत लिहितो.

अनघा_डों
वाचतेय. घरात ठेवायला म्हणून यातलं काय घ्यावं, हेही कुणीतरी सांगा.

तारतंत्री_तात्या
मंदारराव, पोराला पहिली वस्तू पक्कड नव्हे, वीज आहे की नाही ते बघायचा टेस्ट लॅम्प द्या. होल्डर, दीड-दोन मीटर चांगली वायर, टोकाला नीट झाकलेल्या दोन पिना आणि चाळीस-साठचा जुना पिवळा बल्ब, तोही जाळीत. शंभर-सव्वाशे रुपयांत घरी होतो.

का सांगतो ते ऐका. चौतीस वर्षं तारतंत्रीचा परवाना बाळगून काम केलं. सुरुवातीच्या काळात एका वसाहतीत खांबावरून घरात आलेली सर्व्हिस वायर बघायला गेलो होतो. मे महिना, दुपारचे दोन, लाकडी शिडी, पायात रबरी चप्पल. टेस्टर लावला, दिवा दिसला नाही. वीज नाही असं समजून हात घातला. खाली आलो ते थेट मालकीणबाईंच्या तुळशीत. पाय मुरगळला, जिवावरचं टळलं.

टेस्टर बिघडला नव्हता. त्या टेस्टरात निऑनची बारीक नळी आणि मोठा रेझिस्टन्स असतो. आपलं बोट मागच्या टोपीला लागतं तेव्हा मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाह आपल्या अंगातून जमिनीत जातो आणि त्यावर नळी लागते. मी लाकडी शिडीवर, रबरी चपलेवर. प्रवाहाला वाटच नव्हती, नळी कशीबशी मिणमिणत असणार, आणि मेच्या उन्हात ती दिसणार कशी?

उलटंही होतं. घरात न्यूट्रल कुठेतरी तुटला की कुठलंही बटण चालू असलं तर फेज त्या दिव्यातून, पंख्यातून फिरून न्यूट्रलच्या तारेत येतो. मग टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत लागतो. नवी पोरं म्हणतात, "तात्या, दोन फेज आलेत." दोन फेज कुठले बाबा, न्यूट्रल गेलाय. टेस्ट लॅम्प दोन्हींच्या मधे लावला की तो गप्प बसतो आणि खरं काय ते कळतं.

सातपूरकर
तात्यांशी शंभर टक्के सहमत. मल्टिमीटरही इथे चकवतो. एकाच पाइपात शेजारी दुसरी चालू वायर असली की बंद वायरवरही पन्नास-साठ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. बल्ब ओढतो, म्हणून ती चोरटी वीज बल्बपुढे टिकत नाही. त्यात एलईडी दिवा मात्र लावू नका, तो चोरट्या विजेवरही मिणमिणतो.

तात्या, एक भर घालू का? ज्या घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीत गळू लागली की पुरवठा तोडणारा खटका) आहे तिथे टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थिंगमधे लावला की आरसीसीबी पडणारच. साठ वॅटचा बल्ब पाव अँपिअर ओढतो, म्हणजे आठ पटींहून जास्त. पोरं घाबरतात, शॉर्ट झालं म्हणून बोंबलतात. तो आरसीसीबीने आपलं काम केल्याचा पुरावा.

तारतंत्री_तात्या
बरोबर. आणि थ्री फेजच्या दोन फेजमधे एक बल्ब कधी लावू नये, तिथे ४१५ व्होल्ट असतात. दोन बल्ब सिरीजमधे लावायचे. आमच्या एका हेल्परने एकच लावला होता, काचा महिनाभर सापडत होत्या.

श्टुटगार्टचा_सद्या
मूळचा सांगलीचा, इकडे कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात आहे. तात्यांचा टेस्टरचा किस्सा वाचून हसू आलं, कारण इकडचे इलेक्ट्रिशियन त्या निऑन टेस्टरला चक्क 'ल्युगनश्टिफ्ट' म्हणतात. म्हणजे खोटारडी पेन्सिल. पहिल्या दिवशी माझ्या खिशात तो पाहून आमचा मुकादम म्हणाला, हा घरी ठेवून ये.

पण टेस्ट लॅम्पही इकडे साइटवर चालत नाही, काच फुटते आणि तात्यांनी सांगितलंच तसं ४१५ वर उडतो. त्याऐवजी दोन खांबी टेस्टर असतो, दोन हातांत दोन काड्या, मधे वायर. बटणं दाबली की तो मुद्दाम जास्त प्रवाह ओढतो, म्हणजे तात्यांचा बल्बच समजा, फक्त काच नाही आणि चुकून ४०० व्होल्टवर लागला तरी फुटत नाही. नावाजलेल्या कंपनीचा घ्यायला गेलात तर तो एकटाच मामाचं बजेट खाऊन टाकेल. पहिल्या वर्षी नको, पण नाव लक्षात ठेवा.

पाच नियम इकडच्या शिकाऊ पोरांना पहिल्या आठवड्यात पाठ करायला लावतात: वीज तोड, ती परत चालू होणार नाही याचा बंदोबस्त कर, वीज नाही हे तपासून बघ, अर्थ कर आणि शॉर्ट कर, शेजारचं जे चालू असेल ते झाक. घरातल्या साध्या कामात शेवटचे दोन फारसे लागत नाहीत, पण पहिले तीन याच क्रमाने. आणि तपासायच्या आधी टेस्टर एका चालू सॉकेटवर लावून बघायचा, मग कामाच्या जागी, मग पुन्हा चालू सॉकेटवर. मधल्या वेळात टेस्टरच मेला असेल तर?

वैदर्भीय_वायर
एवढं सगळं कोन करते भाऊ साइटवर. तीन-तीन दा टेस्टर लावत बसलो तर कंत्राटदार हाकलून देईन.

श्टुटगार्टचा_सद्या
दहा सेकंद लागतात हो. चहाला पंधरा मिनिटं जातात.

तारतंत्री_तात्या
सदाभाऊंच्या दुसऱ्या नियमावर सांगतो. आमच्या टायमाला पोर्सेलिनचे किटकॅट फ्यूज होते. काम सुरू करायचं तर किटकॅट उपसायचा आणि खिशात टाकायचा. दुसऱ्या कुणाला वीज चालू करायचीच असेल तर आधी माझ्या खिशात हात घालावा लागे. आता फ्यूजच्या जागी एमसीबीचा खटका आला, तो खिशात घालता येत नाही. खाली मेन पाडून पोरगा वर जातो, आणि दुसऱ्या मजल्यावरचा टाइल्सवाला येऊन "लाइट का गेली" म्हणत खटका वर करतो. एमसीबीला लावायचं छोटं कुलूप मिळतं, ते पोराच्या पिशवीत टाका. निदान लाल चिकटपट्टी आणि 'काम चालू आहे' एवढं लिहिलेला पुठ्ठा तरी.

मंदार_चिंचवड
बापरे. मी पक्कड-स्क्रूड्रायव्हरची यादी मागायला आलो होतो! पण हे सगळं भाच्याला वाचायला देणार. म्हणजे मल्टिमीटर घ्यायचाच नाही का?

सातपूरकर
घ्यायचा, पण बाजारात जो पिवळा चिमुकला दोन-अडीचशेचा मिळतो तो नको. त्याच्या १० अँपिअरच्या भोकाशी बारीक अक्षरांत इंग्रजीत लिहिलेलं असतं की आत फ्यूज नाही. पोराने अँपिअर मोजून वायर त्याच भोकात विसरली आणि तसाच सॉकेटमधे व्होल्टेज बघायला गेला, तर त्याने स्वतःच्या हाताने शॉर्ट सर्किट केलं. वायरीच्या पिना हातात वितळलेल्या मी पाहिल्यात. मीटरवर कॅट थ्री (इमारतीच्या वायरिंगवर, बोर्डावर वापरायच्या सुरक्षेचा दर्जा), ६०० व्होल्ट असं लिहिलेलं हवं, आत फ्यूज हवा, आणि पिनांना बोटं पुढे सरकू नयेत म्हणून आडवी कड हवी. हजार-दीड हजारांत चांगला मिळतो.

क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारा, आत्ता नको. पुढे घेईल तेव्हा त्याला एवढंच सांगा की एकाच वायरभोवती लावायचा. फेज-न्यूट्रल दोन्हींभोवती लावला की शून्य दाखवतो, आणि निम्मे नवशिके मीटर बिघडला म्हणून परत आणतात.

आता स्क्रूड्रायव्हर. आपल्याकडे दुकानात 'स्टार' मागितला की फिलिप्स हातात देतात. पण बऱ्याच एमसीबींचे स्क्रू फिलिप्सचे नसतात, पोझिड्राइव्हचे असतात. स्क्रूच्या डोक्यावरची फुली नीट बघा. फुलीच्या चार पाकळ्यांच्या मधे तिरक्या बारीक रेघा असतील तर तो पोझी. त्यात फिलिप्स घातला की बसल्यासारखा वाटतो, पण जोर दिला की वर उसळतो. दोन-तीनदा उसळला की स्क्रूचं डोकं गोल होतं, आणि मग माणूस "बसला घट्ट" म्हणून सोडून देतो. तो घट्ट नसतो. २ किलोवॅटचा गीझर जवळपास ९ अँपिअर ओढतो, सैल टर्मिनलवर ते रोज अर्धा तास. वर्षभराने एमसीबी एका बाजूने तपकिरी, वायरचं इन्सुलेशन कडक झालेलं, आणि घरमालक म्हणतो एमसीबीच खराब होता. मी जेवढे जळके बोर्ड उघडले त्यांतले बहुतेक या सैल स्क्रूचे होते. ओव्हरलोडचे फार थोडे.

म्हणून पीझेड-२, म्हणजे पोझीचा २ नंबर, वेगळा घ्या. फिलिप्सचा २ नंबर वेगळा. चपटे दोन, एक बारीक आणि एक रुंद. चारही इन्सुलेटेड, म्हणजे दांड्यावर टोकापर्यंत आवरण असलेले. मेन स्विच पाडला तरी मेनच्या वरच्या बाजूला वीज असतेच, आणि उघड्या दांड्याचा स्क्रूड्रायव्हर तिथेच निसटतो. एमसीबीवर किंवा त्याच्या खोक्यावर किती न्यूटन-मीटरने आवळायचं ते छापलेलं असतं, साधारण २ ते ३. टॉर्क स्क्रूड्रायव्हर महाग, तो मालकाने घ्यावा. पोराने निदान ती ओळ वाचायची सवय लावावी.

आणि टेस्टरचा स्क्रूड्रायव्हर म्हणून वापर करू नये! त्याचं प्लॅस्टिक तडकतं, आणि तडकलेला टेस्टर ओल्या हातात धरणं म्हणजे आमंत्रणच.

दुकानदार_रविवारपेठ
हत्यारांच्या दुकानात आयुष्य गेलं, म्हणून थोडं बोलतो. 'इन्सुलेटेड' या शब्दावर फार घोळ आहे. साध्या पक्कडीच्या मुठीवरचं जाड आवरण हाताला बरं लागावं म्हणून जास्त असतं. त्यावर भरवसा ठेवून चालू विजेत काम करायचं नाही. खरं इन्सुलेटेड हत्यार आयईसी ६०९०० या मानकाचं असतं. त्यावर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असं छापलेलं असतं, आणि त्याची तपासणी १०,००० व्होल्टवर झालेली असते. खूण साच्यातून उमटलेली किंवा नीट छापलेली असते, नुसतं वर चिकटवलेलं स्टिकर नव्हे. गिऱ्हाईक येऊन विचारतं, "मामा, हजार व्होल्टची द्या," आणि स्टिकर बघून खूश होऊन जातं. आवरणाला चीर पडली तर तीही साध्या पक्कडीसारखीच झाली म्हणायची.

मंदार, पक्कड साधी घ्या, पैसे स्क्रूड्रायव्हरमधे घाला. सातपूरकर म्हणाले ते बरोबर आहे. बोहरी आळीत एकदा फिरून दोन-तीन ठिकाणी हातात घेऊन बघा. बल्ब, होल्डर, मीटर वगैरे तपकीर गल्लीत. मुंबईकरांना नागदेवी आणि लोहार चाळ.

एक कळकळीची विनंती: इन्सुलेशन टेपमधे दहा रुपये वाचवू नका. हलकी टेप उन्हाळ्यात पाघळते, डिंक बाहेर येतो आणि वर्षभरात गुंडाळी आपोआप उलगडते.

तारतंत्री_तात्या
चालू विजेत पक्कड घालायचीच कशाला, हा पहिला प्रश्न. पण आमचा जन्म त्यातच गेला, आता उपदेश करतो झालं.

वैदर्भीय_वायर
स्ट्रिपरबद्दल कोनीच बोललं नाही. आमच्या इकडं मिस्त्री लोक दातानंच सोलतात, पैसे कायले घालवता? (दिवे घ्या, गंमत करतो.)

सातपूरकर
दिवे घेतले, पण दात कुणाचे जातात ते बघा. पक्कडीने, ब्लेडने, दाताने सोलताना तंतू तुटतात. अडीच स्क्वेअरच्या (अडीच चौरस मिलिमीटर छेदाच्या) वायरचे पाच-सात तंतू टर्मिनलपाशी उडाले तर तिथे ती अडीचची राहत नाही आणि नेमकी तिथेच गरम होते. स्ट्रिपर तीनशेच्या आत-बाहेर येतो. वायरच्या मापाची वेगवेगळी भोकं असलेला घ्या. मधे स्क्रू फिरवून माप लावायचं असतं तो नको, माप हलतं.

सोललेले तंतू पिळून सरळ टर्मिनलमधे घालण्यापेक्षा पिन लग (वायरच्या टोकाची धातूची पिन) लावून क्रिम्प करणं, म्हणजे अवजाराने दाबून बसवणं, कधीही चांगलं. पण क्रिम्पिंग टूल बरं घ्यायचं तर महाग, आणि साइटवर कंत्राटदाराचं असतं. नसलं तरी लग हातोडीने किंवा पक्कडीने चेपू नये. बाहेरून घट्ट दिसतो, ओढला की वायर हातात येते.

चिरेखाणी
कुडाळहून. तुमच्या सगळ्या गोष्टी विटांच्या नि काँक्रीटच्या भिंतींच्या. आमच्याकडे जुनी घरं चिऱ्याची. जांभा मऊ आणि भोकांचा, त्यात हॅमर मोडवर ड्रिल लावलं की भोक वाटीएवढं होतं आणि प्लग पंखाबोर्डासकट खाली. हॅमर बंद ठेवून हळू ड्रिल करायचं. ६ च्या प्लगला मी ५ चा बिट वापरतो. जड वस्तू असेल तर अजून जुनीच पद्धत, चौकोनी भोक करून सागाची गुट्टी सिमेंटात बसवायची आणि त्यात स्क्रू. भाचा कधी कोकणात काम करायला आला तर त्याला छिन्नी-हातोडी चालवता यायला हवी.

दुसरं, गंज. जून ते सप्टेंबर इथे पक्कड चार दिवस पिशवीत पडली तरी सांध्याला तांबूस होते. संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसायची आणि सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. कापडी पिशवी ओली राहते, ती रात्री उघडी टांगून ठेवायची. मीटरची बॅटरी पावसाळ्यात महिन्यातून एकदा काढून बघा, गळली की आतले संपर्क हिरवे होतात.

अनघा_डों
माझा प्रश्न सगळ्यांनी पद्धतशीर गाळला.

श्टुटगार्टचा_सद्या
माफी. घरासाठी: एक पीझेड-२, एक चपटा, एक बॅटरीवरचा हेड टॉर्च, आणि तात्यांचा फोन नंबर.

तारतंत्री_तात्या
हाहा. नंबर कशाला ताई, घरचा मेन आणि आरसीसीबी कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना माहीत हवं, आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघा. पडला पाहिजे. नाही पडला तर माणूस बोलवा. यात हत्यार काही लागत नाही.

हेड टॉर्चचं मात्र खरंच. आम्ही बॅटरी तोंडात धरून काम केलं. हेल्पर बॅटरी धरतो तेव्हा उजेड नेहमी त्याला बघायचं असतं तिथे पडतो, आपल्याला हवा तिथे नाही.

सातपूरकर
मंदार, राहिलेल्या बारक्या गोष्टी एका दमात सांगतो. पाच मीटरचा टेप. लहान लेव्हल, बोर्ड तिरके बसले की लोक आयुष्यभर नाव ठेवतात. पाइपात वायर ओढायला नायलॉनची फिश वायर. स्टीलची मिळते आणि ढकलायला सोपी जाते, पण दुसऱ्या टोकाचा बोर्ड चालू असेल तर ती त्यात जाऊन टेकते आणि हे टोक आपल्या हातात असतं. चष्मा घ्या, छतात ड्रिल करताना सगळं डोळ्यांतच येतं. शिडी त्याला विकत घ्यायची नाही, पण अ‍ॅल्युमिनियमची शिडी बोर्डापाशी लावू नये हे माहीत हवं.

मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, विचारेल, सध्या गरज नाही. (मेगर हे खरं तर एका ब्रिटिश कंपनीचं नाव, आपण सगळ्यांनाच मेगर म्हणतो.) नवं वायरिंग झाल्यावर ५०० व्होल्टवर इन्सुलेशन तपासायचं असतं आणि निदान १ मेगओहम तरी यायला हवं. ते मोजताना तो साहेबाच्या बाजूला उभा राहून बघू दे. आणि दिवे, एसी, राउटर सगळं काढूनच मेगर करायचा हे आधी शिकू दे.

मंदार_चिंचवड
मंडळी, काल शनिवारी भाच्याला घेऊन बोहरी आळीत गेलो. खरेदीचा अहवाल.

पक्कड उजेडाकडे धरून बघायला लागलो तेव्हा दुकानदार हसला, पण पहिल्या दोन पक्कडी मी खरोखरच परत ठेवल्या. तिसरी घेतली. साइड कटर, नोज प्लायर, स्ट्रिपर. इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हर चार, दोन त्रिकोण दुर्बीण लावून पाहावेत तसे पाहिले. पीझेड-२ मागितल्यावर एका दुकानात "तेच हो ते, स्टार" असं ऐकवलं, दुसऱ्यात मिळाला. घरी आल्यावर आमच्या बोर्डाचा एमसीबी पाहिला, खरंच तिरक्या रेघा आहेत! तो स्क्रू पीझेडने अर्धा फेरा आणखी फिरला. मेन पाडून, हे आधीच सांगतो.

मल्टिमीटर फ्यूजवाला, कॅट थ्री, सगळ्यांत जास्त पैसे त्यात गेले. फिश वायर आणि क्रिम्पिंग टूल सोडलं, कंत्राटदाराकडे आहे म्हणाला. हेड टॉर्च, टेप, छोटी लेव्हल, चष्मा, आणि खांद्याला अडकवायची कॅनव्हासची पिशवी. एमसीबीचं कुलूप तीन दुकानांत विचारलं, नाही मिळालं, ऑनलाइन मागवलंय. एकूण ४,८५०. साधा टेस्टर भाच्याने हट्टाने घेतला, म्हणाला कॉलेजात सगळ्यांकडे होता.

टेस्ट लॅम्प आम्ही दोघांनी मिळून रात्री बनवला. पिवळा बल्ब आमच्या आईच्या देवघरातून उचलला, तिला अजून माहीत नाही.

तारतंत्री_तात्या
टेस्टर असू द्या. फेज कुठे आहे ते पटकन बघायला बराच. "वीज नाही" हे त्याच्या तोंडून ऐकायचं नाही, एवढंच.

होल्डरमधे वायरला गाठ मारली का? ओढली तर ताण स्क्रूवर येऊ नये म्हणून.

मंदार_चिंचवड
नाही मारली. आज मारतो.

मी_तोच_भाचा
नमस्कार सर्वांना. मामांनी धागा पाठवला, दोनदा वाचला. तात्या, तुम्ही सांगितलेला दोन्ही भोकांत टेस्टर लागण्याचा प्रकार आम्हाला तोंडी परीक्षेत विचारला होता आणि मी "दोन फेज" असंच उत्तर दिलं होतं.

एक शंका आहे. साइटवर सात-आठ जण असतात आणि सगळ्यांच्या पक्कडी सारख्याच दिसतात. संध्याकाळी आपली कुठली ते कसं ओळखायचं?

दुकानदार_रविवारपेठ
नाव कोरून घेऊ नकोस, इन्सुलेटेड हत्यारावर तर मुळीच नाही, आवरणाला चर पडते. साध्या पक्कडीच्या लोखंडावर रंगाचा ठिपका दे.

सातपूरकर
आणि सगळ्यांनी लाल दिला की पुन्हा तेच. काहीतरी वेगळा रंग निवड.

मी_तोच_भाचा
आईची जांभळी नेलपॉलिश आहे घरात.

वैदर्भीय_वायर
लाव बिनधास्त. कोनी मागाले येनार नाही.